डिस्ने वर्ल्डचं हॉटेल आणि जेवणाचं बुकिंग: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला आम्ही दोनदा गेलो. पहिल्या वेळी पाच दिवसांत जेवणाची नऊ रिझर्वेशन्स करून ठेवली होती. त्यातली चार रद्द केली, एका ठिकाणी पोचूच शकलो नाही आणि उरलेल्या चारांपैकी दोन ठिकाणी पोरं टेबलावर डोकं ठेवून झोपलेली. दुसऱ्या वेळी फक्त चार केली आणि सासूबाई अजून त्या ट्रिपचं कौतुक सांगतात. मधे जे काही कळलं ते इथे एकदाच लिहून काढतेय, कारण ओळखीतलं कोणी जायचं म्हटलं की मला फोन येतो आणि मी तेच तेच अर्धा तास बोलत बसते.

आम्ही सहा जण. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी, पावणेतीन वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेले सासू-सासरे. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सासरे सगळं खातात पण गुडघ्यांमुळे सलग फार चालवत नाही. तुमच्या घरात यातलं काहीही असेल तर पुढचं वाचाच, नुसते दोन तरणेताठे नवरा-बायको जाणार असाल तर यातलं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नाही. मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८) अशी चार मोठी पार्कं, दोन वॉटर पार्क, डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा दुकानं-रेस्टॉरंटांचा भाग आणि वीसेक हॉटेलं, हे सगळं साधारण १०० चौरस किलोमीटरवर पसरलंय. एका पार्कातून दुसऱ्या पार्कात "जरा जाऊन येऊ" असं होत नाही. बुकिंगमधल्या बहुतेक चुका हे अंतर न कळल्यामुळे होतात, आमची सुद्धा तीच झाली.

१. तारखा ठरवा, आणि त्या ठरल्याशिवाय दुसरं काही उघडूच नका

हॉटेलचा भाव, तिकिटाचा भाव आणि टेबल मिळायची शक्यता, तिन्ही तारखेवर. तिकिटं सुद्धा तारखेप्रमाणे वेगवेगळ्या भावाची असतात. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा सगळ्यात गर्दीचा, त्याच्या खालोखाल थँक्सगिव्हिंग आणि मार्च-एप्रिलमधल्या शाळांच्या सुट्ट्या. ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर तुलनेने रिकामा, पण तेव्हा ऊन आणि दमट हवा असह्य असते, दुपारी विजांसकट पाऊस, आणि चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा लांबलचक. आईवडिलांना घेऊन जायचं तर मला जानेवारीचा उत्तरार्ध किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा बरा वाटतो, पण शाळा बुडवायची तयारी पाहिजे, ते तुमचं तुम्ही बघा.

लहान मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर त्याला पार्कचं तिकीट लागत नाही आणि बुफेतही पैसे पडत नाहीत. तीन ते नऊ वर्षांना लहान मुलांचा भाव, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा. आमच्या धाकट्याचा तिसरा वाढदिवस मार्चमध्ये होता म्हणून आम्ही जानेवारीत गेलो, यात लाजण्यासारखं काही नाही.

२. हॉटेल निवडताना खोली नका बघू, रस्ता बघा

पहिल्यांदा जाणारा माणूस हॉटेलच्या फोटोंवर जातो. स्विमिंग पूल कसा, लॉबी कशी. मीही तेच केलं होतं. खरं तर दिवसाचे बारा तास तुम्ही बाहेर असता, त्यामुळे खोलीपेक्षा महत्त्वाचं हे की सकाळी पार्कात आणि दुपारी दमून परत खोलीत कसं पोचणार.

डिस्नेची स्वतःची हॉटेलं ढोबळमानाने तीन दर्जांत येतात. व्हॅल्यू म्हणजे ऑल-स्टारची तीन, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन. मॉडरेट म्हणजे कॅरिबियन बीच, कोरोनाडो स्प्रिंग्ज आणि पोर्ट ऑर्लिन्सची दोन. डिलक्स म्हणजे कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, ॲनिमल किंगडम लॉज, बीच क्लब वगैरे. शिवाय व्हिला प्रकार असतो, त्यातल्या एक बेडरूमच्या आणि मोठ्या व्हिलात पूर्ण स्वयंपाकघर मिळतं.

आता रस्ता. कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन ही मोनोरेलवर आहेत, मॅजिक किंगडमला जायला यांच्यासारखं सुख नाही, कंटेम्पररीतून तर दहा-पंधरा मिनिटांत चालत पोचता येतं. बीच क्लब, यॉट क्लब आणि बोर्डवॉक इथून एपकॉटच्या मागच्या गेटला चालत जाता येतं. पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा ही स्कायलायनरवर, म्हणजे २०१९ साली सुरू झालेला केबल कारसारखा पाळणा, तो एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला नेतो. बाकी सगळीकडे बस. बस फुकट आहे, येतेही बऱ्यापैकी, पण स्ट्रोलर घडी करून घ्यावा लागतो, आणि रात्री फटाके संपल्यावर झोपलेलं पोर खांद्यावर, स्ट्रोलर काखेत अशी बसच्या रांगेत उभं राहिलं की मग स्कायलायनरची किंमत कळते. त्यात स्ट्रोलर तसाच ढकलत आत नेता येतो. फक्त वीज चमकायला लागली की स्कायलायनर बंद ठेवतात, तेव्हा बस.

माझं मत विचाराल तर खिशाला फार न लागता चांगली सोय म्हणजे पॉप सेंच्युरी किंवा आर्ट ऑफ ॲनिमेशन. डिलक्सचे पैसे द्यायचेच असतील तर मोनोरेलवालं नाहीतर एपकॉटला चालत जाता येणारं घ्या, नुसती भारी लॉबी म्हणून घेऊ नका.

माणसं किती मावतात हा दुसरा खड्डा. व्हॅल्यूच्या साध्या खोलीत चार जण (आणि वर तीन वर्षांखालचं एक बाळ पाळण्यात). आमच्यासारखे सहा असतील तर दोन खोल्या किंवा फॅमिली स्वीट. आर्ट ऑफ ॲनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिक इथे सहा जणांचे स्वीट मिळतात, दोन बाथरूम, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह. सकाळी सात वाजता सहा माणसांना आवरायचंय हे लक्षात घेतलं तर दोन बाथरूम ही चैन नाही, गरज आहे. पण स्वीटमध्ये बाहेरच्या खोलीतले पलंग हे सोफ्यातून आणि टेबलातून उघडणारे असतात, तेव्हा आतली बेडरूम आजी-आजोबांना द्या, आपण बाहेर. दोन खोल्या घेणार असाल तर त्या आतून जोडलेल्या मिळतील का हे फोन करून विचारा, आणि मिळतील असं गृहीत धरून चालू नका.

बाहेरचं हॉटेल किंवा जवळच्या किसिमी गावात भाड्याचं घर घ्यावं का? सहाच्या वर माणसं असतील, रोज घरचा वरणभात हवाच असेल, तर घ्या. स्वस्त पडतं आणि स्वयंपाकघर असतं. पण मग काय जातं तेही बघा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज कुठल्याही पार्कात अर्धा तास आधी आत सोडतात, पार्कचं पार्किंग फुकट असतं (बाहेरच्यांना रोजचे पैसे भरावे लागतात), आणि जेवणाच्या बुकिंगमध्ये जी सवलत मिळते ती पुढे सांगते, ती मोठी आहे. शिवाय बाहेरच्या बऱ्याच हॉटेलात खोलीच्या भावावर 'रिसॉर्ट फी' म्हणून रोजचे वेगळे पैसे लावतात, जे पहिल्या पानावर दिसत नाहीत. भावांची तुलना करताना शेवटच्या स्क्रीनपर्यंत जा, टॅक्स, फी, पार्किंग सगळं धरून येणारा आकडा लिहून काढा आणि मग ठरवा.

३. नुसती खोली की पॅकेज?

बुक करताना दोन रस्ते दिसतात. नुसती खोली घेतली तर एका रात्रीचे पैसे आधी भरायचे आणि पोचायच्या पाच-सहा दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर ते परत मिळतात. खोली आणि तिकिटं एकत्र पॅकेज घेतलं तर २०० डॉलर डिपॉझिट, बाकीचे पैसे ३० दिवस आधी भरायचे, आणि त्या ३० दिवसांच्या आत रद्द केलं तर पैसे कापतात. आईवडिलांचा व्हिसा, तब्येत, विमानाचं काही नक्की नसेल तर मी डोळे मिटून नुसती खोली घ्या असं म्हणेन. पॅकेजमध्ये कधीकधी ऑफर चांगली असते हे खरं, पण पहिल्या ट्रिपला आम्ही जी तिसऱ्याच वेबसाईटवरून 'नॉन-रिफंडेबल' स्वस्त खोली घेतली होती तिचे पैसे तारीख बदलल्यावर बुडले ते बुडलेच. दोष आमचा, अटी वाचल्याच नव्हत्या.

जेवणाचा प्लॅन म्हणून एक प्रकार असतो, आधीच पैसे भरून जेवणं विकत घ्यायची, तो २०२४ पासून परत सुरू झालाय. शाकाहारी किंवा कमी खाणाऱ्या माणसांना तो सहसा परवडत नाही. सासूबाईंचं अख्खं जेवण म्हणजे एक सूप, थोडा भात आणि आमच्या ताटातले दोन तुकडे.

४. हे जवळ ठेवा

बुकिंगला बसायच्या आधी खालच्या गोष्टी एका जागी लिहून ठेवा, ऐनवेळी शोधाशोध नको:

- 'माय डिस्ने एक्स्पिरियन्स'चं अकाउंट. ॲप फोनवर, शिवाय लॅपटॉपवर लॉगिन करून बघितलेलं. घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यात जोडलेलं, नावं ओळखपत्राप्रमाणे.
- हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर, आणि तो त्याच अकाउंटला जोडलेला. दुसरीकडून बुकिंग केलं असेल तर तो आपोआप दिसत नाही, हाताने जोडावा लागतो. हे राहिलं तर पुढची सवलत मिळतच नाही.
- क्रेडिट कार्ड, ॲपमध्ये आधीच भरून ठेवलेलं.
- मुलांची ट्रिपच्या तारखेची वयं.
- कोणाला कशाची ॲलर्जी आहे ती यादी.
- मोठ्यांचं फोटो ओळखपत्र. भारतातून आलेल्यांचा पासपोर्ट, त्यांचा प्रवास विमा, आणि औषधं मूळ डब्यांत.

५. कुठल्या दिवशी कुठलं पार्क, हे कागदावर

हो, कागदावरच. आडवे दिवस, उभ्या सकाळ-दुपार-संध्याकाळ. हल्ली (जानेवारी २०२४ पासून) तारखेच्या साध्या तिकिटांना पार्कचं वेगळं रिझर्वेशन लागत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं तिथे गेल्यावर ठरवू. पण जेवणाचं टेबल जर पार्कच्या आत असेल तर त्या दिवशी त्या पार्कचं तिकीट लागतंच. टेबल मिळालं म्हणून आत सोडत नाहीत. नवीन माणसाची सगळ्यात नेहमीची चूक हीच, की मॅजिक किंगडममधलं 'बी अवर गेस्ट' रेस्टॉरंट मिळालं म्हणून आनंदाने घेऊन टाकलं आणि त्या दिवशी आपण आहोत ॲनिमल किंगडममध्ये.

आमची चूक याच्याच जवळची. सकाळी हॉलिवूड स्टुडिओज, दुपारी १ वाजताचं जेवण मॅजिक किंगडमजवळच्या हॉटेलात. नकाशावर बोटभर अंतर. प्रत्यक्षात राईडची रांग लांबली, गेटपर्यंत यायला वेळ, मग बस, मग दुसरी बस, कारण पार्कातून सरळ हव्या त्या हॉटेलला बस असतेच असं नाही. दीड तास लागला. टेबल गेलं. तेव्हापासून माझा नियम असा की पार्क बदलून किंवा पार्कातून लांबच्या हॉटेलात जेवायला जायचं तर मधे दीड तास मोकळा. गाडीने जाणारे म्हणतील आम्हाला कशाला, तर मॅजिक किंगडमचं पार्किंग गेटजवळ नाहीये, गाडी लावून पुढे मोनोरेल नाहीतर फेरीबोट घ्यावी लागते.

सासऱ्यांसाठी आम्ही एक दिवस पूर्ण रिकामा ठेवला होता, तिसरा. हॉटेलचा पूल, झोप, संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्ज. डिस्ने स्प्रिंग्जला तिकीट लागत नाही, पार्किंगही फुकट, त्यामुळे पोचण्याच्या दिवशी, निघण्याच्या दिवशी आणि अशा मधल्या दिवशी जेवण तिथे.

६. साठ दिवसांचा हिशोब, नीट करा

जेवणाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. बाहेर राहणाऱ्यांना प्रत्येक दिवसाचं त्या त्या दिवसाच्या ६० दिवस आधी, म्हणजे पाच दिवसांसाठी पाच सकाळी उठायचं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मात्र पोचायच्या तारखेच्या ६० दिवस आधी, एकाच सकाळी, पुढच्या १० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचं सगळं बुक करता येतं. ती मघाची सवलत हीच.

६० दिवस म्हणजे दोन महिने नव्हे. २० डिसेंबरला पोचणार असाल तर तुमचा दिवस २१ ऑक्टोबर, २० नाही. एक-एक दिवस मोजा किंवा फोनला मोजायला सांगा, अंदाजाने जाऊ नका.

वेळ सकाळी ६ वाजता, आणि ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. बरेचदा सहाच्या थोडं आधीच उघडतं म्हणून पावणेसहाला लॉगिन करून बसा. आम्ही पश्चिम किनाऱ्याला राहतो, म्हणजे आमच्याकडे पहाटेचे ३. पहिल्या वेळी अलार्म लावून उठले आणि अर्धवट झोपेत रात्री ८ च्या ऐवजी सकाळी ८ चं टेबल घेतलं. दुसऱ्या वेळी डोकं चालवलं, भारतात बहिणीला कामाला लावलं. तिच्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन (नोव्हेंबरमध्ये इथलं घड्याळ बदललं की साडेचार), चहा पिता पिता तिने माझ्या यादीप्रमाणे चारही टेबलं घेतली आणि मला स्क्रीनशॉट पाठवले. मी सकाळी सातला उठून बघितले.

यादी कशी करायची ते ऐका. सगळ्यात अवघड, सगळ्यात हवं असलेलं ठिकाण पहिलं, आणि ते मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत टाका. कारण साधं आहे. तुमच्या पाचव्या दिवसाचं बुकिंग तुम्ही ६४ दिवस आधी करताय, त्या दिवसासाठी अजून बाहेरच्यांना उघडलेलंच नाही, आणि तुमच्यानंतर पोचणाऱ्यांनाही नाही. पहिल्या दिवसाची टेबलं मात्र तुमच्या आधी आलेल्यांनी उचललेली असतात. मुलीचं मॅजिक किंगडममधल्या सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण आम्हाला असंच मिळालं.

माणसं मोजताना तान्हं बाळही धरायचं, ते खाणार नसलं तरी. पाचचं टेबल घेऊन सहा जण गेलात तर थांबावं लागतं किंवा नाहीच मिळत. सहा-सात जणांचं टेबल मिळत नसेल तर चार आणि दोन असं तोडून शोधा, वेळ जवळची घ्या आणि तिथे गेल्यावर शेजारी बसवाल का विचारा, पण शेजारी मिळेलच असं नाही.

न सांगता गेला नाहीत किंवा उशिरा रद्द केलंत तर बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात. रद्द करायची मुदत बहुतेक ठिकाणी २ तास आधीपर्यंत आहे, पण 'हूप-डी-डू'सारखे नाच-गाण्याचे डिनर शो यांचे पूर्ण पैसे आधीच भरायचे असतात आणि त्यांचे नियम वेगळे. कन्फर्मेशनच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं, तेवढं तरी वाचा.

७. किती टेबलं, आणि कुठली

इथे माझं ठाम मत आहे. दिवसाला एकच, आणि तेही रोज नाही. कारण तिथे बुकिंग लागतं ते फक्त वेटर येऊन वाढतो त्या किंवा बुफेच्या ठिकाणी. काउंटरवरून ट्रे घ्यायच्या जागा भरपूर आहेत, तिथे ॲपवरून ऑर्डर करायची, तयार झालं की मेसेज येतो, बुकिंगबिकिंग काही नाही. बाहेरचं खाणंही आत नेता येतं (काच आणि दारू सोडून), आमच्या बॅगेत रोज ठेपले, चिवडा आणि केळी असायची. काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट देतात, पाणी विकत घेऊ नका.

मग टेबल बुक कशासाठी करायचं? बसण्यासाठी. हे मला दुसऱ्या ट्रिपला कळलं. दुपारी साडेअकरा ते दोन या वेळात सव्वा तास एसीत, खुर्चीवर, कोणीतरी पाणी आणून देतंय, सासऱ्यांचे पाय समोरच्या खुर्चीवर. जेवण काय आहे हा मुद्दा दुय्यम. म्हणून आम्ही सगळी टेबलं दुपारी साडेअकराच्या सुमाराची घेतली, ती रात्री सातपेक्षा मिळतातही सहज, आणि रात्री सातला पोरं जेवायच्या अवस्थेत नसतात.

मिकी वगैरे पात्रं टेबलापाशी येतात त्याला कॅरेक्टर डायनिंग म्हणतात. लहान मुलं असतील तर एक तरी करा, एकापेक्षा जास्त करू नका. मोठ्या माणसाला साधारण ५० ते ७० डॉलर, किल्ल्यातलं त्याहून महाग, टॅक्स आणि टिप वेगळी, म्हणजे सहा जणांचा आकडा काढून बघा आणि मग बटण दाबा. पण हिशोब असाही आहे की पार्कात एकेका पात्रासोबत फोटोला अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं, इथे चार-पाच पात्रं आपल्याकडे चालत येतात. कंटेम्पररीतलं 'शेफ मिकीज', एपकॉटमधलं हळूहळू गोल फिरणारं 'गार्डन ग्रिल', ॲनिमल किंगडममधलं 'टस्कर हाऊस', रिव्हिएरातला 'टोपोलिनोज टेरेस'चा नाश्ता, ही सगळी लोकप्रिय. शेफ मिकीज आणि टोपोलिनोज हॉटेलात असल्यामुळे त्यांना पार्कचं तिकीट लागत नाही, रिकाम्या दिवशी ती करता येतात. आमचे सासरे "ही काय थेरं, मोठा माणूस उंदराचा मुखवटा घालून फिरतोय" म्हणत आत गेले आणि बाहेर पडताना त्यांचे एकट्याचे मिकीबरोबर तीन फोटो होते, त्यातला एक आता त्यांच्या व्हॉट्सॲपला डीपी आहे.

बिल आलं की आधी नीट वाचा. मोठ्या ग्रुपला टिप बिलातच लावलेली असते, वरून परत १८-२० टक्के देऊन मोकळे होऊ नका. आम्ही एकदा झालोय.

८. शाकाहारी मंडळींसाठी

मेन्यू आधीच ऑनलाइन बघता येतो, बुक करायच्या आधीच बघा. वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाची खूण असते, ती असेल तर अंडं-दूध काहीच नाही. पण खूण नाही म्हणजे शाकाहारी नाही असंही नाही, चीज असलेल्या पदार्थाला ती खूण मिळत नाही. आणि उलट बाजूने, भाताला चिकनचं पाणी, घेवड्यात बेकन, सूपला हाडांचा स्टॉक हे अमेरिकेत सर्रास असतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, स्टॉक नाही असं एकेक सांगा. टेबलावर बसायच्या ठिकाणी विचारलं तर बऱ्याचदा शेफ स्वतः येऊन बोलतो, काय करून देऊ शकतो सांगतो. अशा ठिकाणी सासूबाईंना काउंटरपेक्षा कितीतरी चांगलं मिळालं.

आमची सगळ्यात यशस्वी जागा म्हणजे ॲनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेज भागातलं 'सना'. आफ्रिकी जेवण, पण त्यावर भारतीय मसाल्यांची छाप, आणि तिथला ब्रेड सर्व्हिस नावाचा प्रकार म्हणजे गरम नान वगैरे भाकऱ्या-रोट्या आणि सोबत वेगवेगळ्या चटण्या. सासूबाईंनी पहिल्यांदा पोटभर खाल्लं. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे फिरत असतात, म्हणून दुपारचंच घ्या, अंधार पडल्यावर ते दिसत नाहीत. हॉटेलातलं आहे, त्यामुळे तिकिटाची गरज नाही. याशिवाय एपकॉटच्या इटली विभागातल्या 'व्हिया नापोली'चा पिझ्झा, आणि ॲनिमल किंगडममध्ये काउंटरवरचं 'सातुली कँटीन', तिथे आपल्या आवडीने वाडगं भरून घेता येतं, टोफूचंही मिळतं.

एपकॉटबद्दल एक सूचना. अकरा देशांचा भाग तळ्याभोवती गोल आहे आणि तो फेरा जवळजवळ दोन किलोमीटरचा. टेबल कुठल्या देशात आहे आणि त्या वेळी तुम्ही कुठल्या बाजूला असाल हे बघून घ्या, नाहीतर गुडघेदुखीवाल्या माणसाला उलट फिरून यावं लागतं. पार्कात व्हीलचेअर भाड्याने मिळते पण आधी बुक करता येत नाही, सकाळी लवकर गेलात तर मिळते.

९. नाही मिळालं तर

६० दिवसांच्या सकाळी हवं ते नाही मिळालं तर हताश होऊ नका. लोक माझ्यासारखे आधी नऊ-नऊ घेऊन ठेवतात आणि मग सोडतात. पॅकेजवाल्यांना ३० दिवस आधी बाकी पैसे भरायचे असतात तेव्हा काही ट्रिपा रद्द होतात, आणि आदल्या रात्री तर बरीच टेबलं सुटतात. रोज सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटं ॲप बघायचं. माणसं सहाऐवजी चार टाकून, वेळ पुढेमागे करून बघा. त्या दिवशी तिथेच असाल तर काही रेस्टॉरंटांची वॉक-अप यादी ॲपमध्ये उघडते, नाव टाका आणि आसपास राईड करत राहा.

हातातलं बुकिंग मात्र नवीन मिळेपर्यंत सोडू नका, आणि नवीन मिळालं की जुनं त्याच क्षणी रद्द करा, नाहीतर ते दहा-दहा डॉलर.

१०. शेवटचा आठवडा आणि तिथे पोचल्यावर

राईडची रांग टाळायची लायटनिंग लेन घेणार असाल तर डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना ती पोचायच्या ७ दिवस आधी उघडते, बाहेरच्यांना ३ दिवस आधी. तेव्हा जेवणाची यादी समोर ठेवूनच वेळा निवडा, साडेअकराचं टेबल आणि पावणेबाराची राईड असं आम्ही करून बसलो होतो.

विमानतळावरून हॉटेलपर्यंतची डिस्नेची फुकट बस २०२२ च्या सुरुवातीपासून बंद आहे, जुन्या लेखांत अजून तिचा उल्लेख असतो. टॅक्सी, भाड्याची गाडी किंवा पैसे देऊन खासगी शटल, हे आधी ठरवा. सहा माणसं, सहा बॅगा आणि एक स्ट्रोलर साध्या टॅक्सीत मावत नाहीत.

खोली दुपारी ३ ला मिळते, व्हिला असेल तर ४ ला. सकाळी पोचलात तर सामान हॉटेलात ठेवून बाहेर पडता येतं, म्हणून औषधं, स्विमसूट आणि मुलांचे एकेक जादा कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. पहिल्या संध्याकाळी महागडं टेबल ठेवू नका, विमान उशिरा येतं, पोरं चिडलेली असतात, हॉटेलच्या फूड कोर्टात पिझ्झा खाऊन झोपा.

निघायच्या दिवशी ११ ला खोली सोडायची असते. सामान परत हॉटेलातच ठेवा, पूल वापरता येतो. त्या दिवशीचं जेवण विमानाच्या वेळेच्या निदान पाच तास आधीचं घ्या, आणि पार्कात नको. आम्ही डिस्ने स्प्रिंग्जला साडेअकराचं घेतलं, पोरं खेळण्यांच्या दुकानात तासभर रमली, सासरे बाकावर बसून डीपी बदलत होते, आणि विमानतळावर आम्ही चक्क वेळेच्या आधी पोचलो.